सांगलीत सर्व्हिस डॉग : पिल्लू आणण्याआधी आणि आणल्यानंतर

मी व्हीलचेअर वापरते, विश्रामबागेत राहते आणि आमच्या घरी चिंगी नावाची लॅब्रॅडॉर आहे. ती माझी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाला मदत करायला शिकवलेली कुत्री. खाली पडलेल्या वस्तू उचलून देणं, दार ओढून उघडणं, घरातल्या माणसाला बोलावून आणणं ही तिची कामं. तिला बघून लोक विचारतात, "असा कुत्रा कुठं मिळतो हो?" तयार कुत्रा आपल्या भागात मिळत नाही. परदेशात संस्था पिल्लू वाढवतात, शिकवतात आणि मग माणसाशी त्याची जोडी लावून देतात. सांगली-साताऱ्याकडं ती सोय नाही. इथं कुत्रा घरीच घडवावा लागतो. ते जमतं, पण ठरावीक कामांपुरतं. कुठली कामं घरी जमतात आणि कुठल्या कामांच्या वाटेला जाऊ नये, हे आधी कळलं तर पैसा, वेळ आणि एका मुक्या जनावराचे हाल वाचतात.

१. आधी काम ठरवा

बहुतेकजण जातीपासून सुरुवात करतात. लॅब घेऊ का जर्मन शेफर्ड, पांढरा का काळा. ते बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. दिवसभरात कुठं अडलात, कशासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागली, हे आठवडाभर लिहा. माझ्या वहीत मोबाईल खाली पडणं सगळ्यात जास्त वेळा होतं. त्याखालोखाल किल्ली, मग ओट्याखालच्या कप्प्याचं दार, आणि बाथरूममधून मारलेली हाक मागच्या अंगणात ऐकू न जाणं. ही झाली चिंगीची कामाची यादी.

सर्व्हिस डॉगची कामं साधारण अशी असतात :

- हालचालीला मदत : वस्तू उचलून देणं, दोरी ओढून दार किंवा कपाट उघडणं, दिव्याचं बटण दाबणं, मोजे ओढून काढणं.
- ऐकू न येणाऱ्यांसाठी : बेल, कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं, गजर ऐकला की माणसाला पंजानं किंवा नाकानं स्पर्श करायचा आणि आवाजाच्या जागी न्यायचं.
- दृष्टिहीनांसाठी : पट्ट्याला लावलेल्या कडक दांड्याच्या आधारानं रस्त्यावर चालवणं.
- फिट येणाऱ्यांसाठी : फिट आल्यावर भुंकून घरच्यांना बोलावणं, जवळ थांबणं. फिट येण्याआधी ओळखणं काही कुत्र्यांना जमतं म्हणतात, पण ते शिकवून हमखास येत नाही. मधुमेहात साखर उतरल्याचा वास ओळखणाऱ्या कुत्र्यांचंही तसंच, अचूकपणा कुत्र्यागणिक बदलतो. ग्लुकोमीटर बाजूला ठेवायचा नाही.
- ऑटिझम किंवा मानसिक आजारात : घाबरगुंडी उडाली की अंगावर रेलून शांत करणं, ठरलेल्या वेळी औषधाची आठवण करणं.

नुसता शेजारी बसून धीर देणारा कुत्राही मोलाचा असतो, पण त्याला सर्व्हिस डॉग म्हणत नाहीत. सर्व्हिस डॉगला तुमच्या अडचणीशी थेट जोडलेलं एखादं काम शिकवलेलं असतं.

२. दृष्टिहीनांसाठी स्पष्ट इशारा

घरी शिकवलेल्या कुत्र्याच्या भरवशावर रस्ता ओलांडू नका. यात मी तडजोड करत नाही.

दृष्टिहीनांना रस्त्यावर चालवणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डनबर्गला निघाली, पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेतली 'द सीइंग आय' १९२९ ची. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे, तरी आजही हे काम कसलेले प्रशिक्षकच करतात आणि शिकायला आलेले बरेच कुत्रे मध्येच बाद होतात. कारण काम बघा. कुत्रा माणसाला पोस्टात 'नेतो' हा गैरसमज आहे. कुठं जायचं, कुठं वळायचं हे माणूस सांगतो. कुत्रा खड्डा, पायरी, आडवी हातगाडी, डोक्याला लागेल अशी फांदी टाळत नेतो आणि रस्त्याची कड आली की थांबतो. सिग्नलचा त्याला काही उपयोग नाही, लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळे दिसतही नाहीत. गाड्यांचा आवाज ऐकून 'चल' म्हणायचं ते माणसानं. पण माणूस 'चल' म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्यानं आज्ञा मोडून जागीच थांबायचं असतं. आज्ञा पाळायला शिकवणं सोपं, कधी मोडायची हे शिकवणं महाकठीण. त्यात आपल्याकडं हरभट रोडला संध्याकाळी फूटपाथ कुठं संपतो आणि दुकान कुठं सुरू होतं, हे डोळसालाही सांगता येत नाही.

दृष्टिहीन व्यक्तीनं आधी पांढऱ्या काठीनं एकट्यानं फिरायचं प्रशिक्षण पक्कं करावं. परदेशातल्या शाळाही कुत्रा देण्याआधी हेच बघतात. घरात मात्र पडलेली वस्तू शोधून देणं, रिकामी खुर्ची किंवा दार दाखवणं ही कामं पाळलेल्या कुत्र्याला शिकवता येतात.

३. कागद : तुमचे आणि कुत्र्याचे

तुमचा मुख्य कागद म्हणजे युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. नसेल तर 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करा, मग तपासणीला बोलावतात. सांगलीकरांना वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. सोबत आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट फोटो आणि जुने रिपोर्ट न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं.

आता सापळा. भारतात सर्व्हिस डॉगची नोंदणी करणारी किंवा त्याला प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा नाही. ऑनलाइन मात्र 'सर्टिफाइड सर्व्हिस डॉग' असं ओळखपत्र, बिल्ला आणि जॅकेट पैसे घेऊन घरपोच मिळतं. जॅकेट घ्या हवं तर, लोक वाट देतात आणि अंगाला हात लावत नाहीत. ओळखपत्राची किंमत मात्र कागदाएवढीच.

कुत्र्याची एक प्लास्टिकची फाइल करा. त्यात एवढं हवं :

- लसीकरणाची पुस्तिका, रेबीजच्या लसीच्या शिक्क्यासह
- महापालिका किंवा नगरपालिकेकडच्या नोंदणीची पावती
- नसबंदी झाली असेल तर डॉक्टरांचा दाखला
- कुत्र्याचा फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक
- तुमच्या युडीआयडी कार्डाची झेरॉक्स
- तुमच्या डॉक्टरांचं पत्र : तुम्हाला काय अडचण आहे आणि कुत्रा कुठली कामं करतो

शेवटच्या पत्राला कायद्याचं बळ नाही. पण एखाद्या बँकेच्या किंवा दुकानाच्या दारात वाद घालण्यापेक्षा लेटरहेड आणि शिक्का पुढं केला की बोलणं लवकर संपतं. शिक्क्यापुढं आपल्याकडं अजून मान तुकवतात.

४. कुत्रा निवडताना

जगभर लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड जास्त वापरतात. पैकी गोल्डनला सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये फार त्रास होतो. एसी नसेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका. जत-कवठेमहांकाळकडं कारवान जातीची काटक शिकारी कुत्री दिसतात. प्रेमळ असतात, खर्च कमी, उन्हातही तग धरतात. पण ती डोळ्यानं शिकार हेरणारी जात. मांजर पळालं की किल्ली तोंडातून पडलीच म्हणून समजा. गावठी पिल्लू चालेल का? ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या कामाला उत्तम चालेल. त्या कामाला ताकद लागत नाही, तरतरीतपणा लागतो.

पिल्लू बघायला गेलात की एवढं करा. आई कशी आहे बघा. भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर तिथूनच माघारी फिरा. किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर टाका. दचकून मग हुंगायला येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात जाऊन बसणारं किंवा आवाजाकडं लक्षच न देणारं नको. कागदाचा बोळा टाका. तोंडात धरून तुमच्याकडं आणणारं पिल्लू असेल तर निम्मं काम झालं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठीच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताही येत नाही. 'तीन महिन्यांचं पूर्ण ट्रेन केलेलं पिल्लू' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर उठा. त्या वयाचं पिल्लू शू कुठं करायची तेच शिकत असतं. लॅब घ्यायचा तर आईबापाच्या खुब्यांबद्दल विचारा. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो. कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाला की खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. सातारकरांना त्यासाठी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सोयीचं पडतं.

५. दवाखाना आणि ताटली

सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसी, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. तीन महिन्यांना रेबीज, मग दरवर्षी. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. गोचिडांकडं मात्र कान टवकारून लक्ष द्या. आपल्या भागात गोचीड-तापानं चांगली कुत्री जातात. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या फटीत आणि शेपटीखाली बोटं फिरवा. जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर उद्यावर टाकू नका.

खाण्यात एक गोष्ट सांगलीकरांसाठी खास. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, मूत्रपिंड निकामी होतं. तासगावकडं आणि आपल्याकडं घरोघरी बेदाण्याच्या पिशव्या उघड्या असतात, पाहुणा लाडानं मूठभर पुढं करतो. घरात सगळ्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगून ठेवा. कांदा आणि चॉकलेटही नाही. खाल्लेलं कळलं की लगेच दवाखाना गाठा, कुत्रं वांती करील म्हणून वाट बघू नका.

६. शिकवायचं कसं

पहिले सहा महिने काम शिकवायचं नाही. घरात घाण न करणं, बस, थांब, ये, साखळी न ओढता चालणं, माणसांची आणि आवाजांची सवय, एवढंच. व्हीलचेअर असेल तर खुर्ची उभी असताना तिच्या डाव्या बाजूला बसायला शिकवा, तिथंच खाऊ द्या. मग चाक वीतभर हलवा, थांबवा, पुन्हा खाऊ. चाकाखाली एकदा पंजा आला तर कुत्रं खुर्चीजवळ यायलाच घाबरतं, म्हणून इथं घाई नको.

शब्द आधी ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आमच्याकडं सासूबाई "बस गं बाई" म्हणायच्या, हे "सिट" म्हणायचे आणि भाचा "बैठ". कुत्री बिचारी तिघांच्या तोंडाकडं बघत उभी. मराठी, इंग्रजी काहीही चालेल, पण एका कामाला एकच शब्द.

किल्ली उचलून द्यायला कसं शिकवायचं ते सविस्तर सांगते. वस्तू देण्याची बाकीची कामं यातूनच येतात.

क) जुन्या मोज्याला गाठ मारा. हातात धरून पुढं करा. नाक लागलं की त्याच क्षणी "हां!" म्हणा आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. "हां" उशिरा निघाला तर कुत्र्याला कळत नाही की बक्षीस कशाचं.

ख) नाक लावणं जमलं की नुसत्या नाकावर खाऊ बंद. आता तोंडात धरल्यावर "हां". आधी निमिष, मग एक सेकंद, मग दोन.

ग) तळहात हनुवटीखाली नेऊन "दे". मोजा हातात पडला की खाऊ. ओढून घेऊ नका, नाहीतर तो रस्सीखेचीचा खेळ होतो.

घ) मोजा जमिनीवर ठेवून "उचल". आधी पायाशी, मग चार फुटांवर, मग पलंगाखाली.

ङ) आता किल्ली. दाताला लोखंड लागलेलं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. जुडग्याला जुन्या सतरंजीची पट्टी शिवून टाका, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. मोबाईलला मागं कापडी कव्हर आणि दोरी. चिंगी आजही किल्ली पट्टीनंच धरते आणि पट्टी निघाली असेल तर किल्लीशेजारी बसून भुंकते.

च) हे सगळं वेगवेगळ्या खोल्यांत, अंगणात, शेवटी दुकानात. हॉलमध्ये येतं म्हणून स्वयंपाकघरात येईल असं नसतं.

एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. जमलेल्या गोष्टीवर थांबायचं.

"उचल" आधी "सोड" पक्कं करा. उचलायला शिकलेलं कुत्रं सगळंच उचलतं, तुमच्या हातून घरंगळलेली बीपीची गोळीसुद्धा.

माणूस बोलावणं हा दोघांचा खेळ आहे. तुम्ही "आईला बोलाव" म्हणायचं, आईनं दुसऱ्या खोलीतून हाक मारून खाऊ द्यायचा. मग आईची हाक हळूहळू बंद. बेलचंही तसंच : बेल वाजली की खाऊ माणसाजवळच मिळतो, पण गुडघ्याला पंजा लावल्यावर. ते जमलं की दोघांनी मिळून दाराशी जायचं आणि तिथं दुसरा खाऊ. माणसाला ऐकू येत नसेल तर सुरुवातीला ऐकू येणारं कुणीतरी शेजारी हवं, म्हणजे कुत्रं उगाच पंजा लावून खाऊ लाटतंय का ते कळतं. लाटतात. हुशार असतात.

दोन कामं करू नका. कुत्र्याच्या पाठीवर भार देऊन उठू नका आणि त्याला खुर्ची ओढायला लावू नका. त्यासाठी खास पट्टा, पूर्ण वाढलेली हाडं आणि डॉक्टरांचा होकार लागतो. आपल्या रस्त्यांवर तर नकोच.

ट्रेनर लावायचा तर त्याला तुमच्यासमोर शिकवायला सांगा. काटेरी पट्टा किंवा मार हे त्याचं साधन असेल तर पैसे देऊन निरोप द्या. माराला भ्यालेलं कुत्रं पोलिसी कवायत छान करतं, पण स्वतःहून पुढं होऊन मदत करत नाही, आणि आपल्याला हवं असतं तेच. 'महिनाभर ठेवून जा, तयार करून देतो' हेही आपल्या कामाचं नाही. शिकायचं दोघांनी असतं.

७. घराबाहेर

सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे मोकाट कुत्री. चिकन-मटणाची दुकानं आणि कचऱ्याच्या जागा टाळून तुमचा रस्ता ठरवा. बटण दाबून झटकन उघडणारी छत्री खुर्चीला अडकवून ठेवा. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर ती फटकन उघडली की बहुतेक मागं सरतात. आपल्या कुत्र्याला छत्रीची सवय आधी घरात करायची, हे ओघानं आलंच. चावा बसलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, माणसाला असो वा कुत्र्याला.

उन्हाळ्यात डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. गणपतीत डॉल्बीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर नेऊ नका, किती का शिकलेलं असेना. दिवाळीत आतली खोली, पंखा आणि चघळायला काहीतरी.

रेल्वेत कुत्रा फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासच्या पूर्ण आरक्षित कूपेत (दोन बर्थच्या बंद खोलीत) सोबत नेता येतो, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. स्लीपर, थ्री एसी, टू एसीत नाही. आधी पार्सल ऑफिसात जा, लसीची पुस्तिका आणि डॉक्टरांचा ताजा दाखला लागतो. सातारकरांनो, तुमचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रिक्षावाल्याशी कुत्र्याचं आधीच बोलून घ्या. एसटीत ऐनवेळी वाहकाशी हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या दिवशी वाहतूक नियंत्रकाला भेटावं.

हॉटेल, दुकान, देऊळ इथं हक्क सांगून आत जाण्यासारखा नेमका नियम हातात नाही. मी आधी फोन करते. देवळात चिंगी बाहेर थांबते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. सोसायटीचा प्रश्न वेगळा. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. त्यांची प्रत काढून चेअरमनना द्या आणि कुत्र्याची घाण उचलायची पिशवी रोज खिशात ठेवा. प्रतीपेक्षा पिशवीचा उपयोग जास्त होतो.

८. आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठतं तेव्हा धावपळ सुरू होते. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. व्हीलचेअर, औषधं आणि कुत्रा घेऊन निवारा केंद्रात सोय होईलच असं धरून चालू नका. उंचावरच्या भागातल्या नातेवाइकांशी जूनमध्येच बोलून ठेवा. पुराच्या पाण्यातून कुत्र्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो, त्याची लस पावसाळ्याआधी झालेली असावी.

तुम्ही दवाखान्यात भरती झालात तर कुत्रा कोण सांभाळणार? त्या माणसाला शब्दांचा तो फ्रिजवरचा कागद आणि खाण्याची मापं लिहून द्या.

पैसे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून कुत्र्याचा खर्च निघेल या आशेवर राहू नका. पण उतार, रुंद दार, खाली बसवलेली बटणं यासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. दाराला दोरी बांधून कुत्र्याला ओढायला शिकवण्याआधी ते दार हलकं करून घेतलेलं बरं.

आणि वय. सर्व्हिस डॉग आठ ते दहाव्या वर्षी थकतो. दुसरं पिल्लू आणायचं तर पहिला अजून कामात असताना, सातव्या वर्षाच्या सुमारास आणा. पिल्लू मोठ्याचं बघून निम्म्या गोष्टी आपोआप उचलतं. बेल वाजल्यावर दाराकडं धावण्यासारखी वाईट खोडही तशीच उचलतं, तेव्हा आधी मोठ्याची खोड मोडा.